गळका पाईप नावाची अफवा

पुसदात घर बांधायला काढलं की सिमेंटच्या आधी सल्ले येऊन पडतात. त्यातला नळाच्या कामाचा सल्ला आता ठराव मंजूर व्हावा तसा एकमुखी झाला आहे: "नरम पाईप घरात घालू नका भाऊ, तो गळते. सीपीव्हीसी घ्या, सोल्यूशन मारा, झालं." सांगणारा बहुधा स्वतः पोळलेला असतो. ओल आलेली भिंत फोडून, बाथरूमच्या टाइल्स उखडून, एकाच कामाचे दोनदा पैसे मोजून बसलेला असतो. त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन येतं आणि ऐकणारा मान डोलावतो.

मला या सल्ल्याशी भांडायचं आहे. सांगणाऱ्याच्या अनुभवाशी नाही. त्याचं घर गळलं हे खरंच आहे. पण नेमकं गळलं काय, हे त्यानं नीट पाहिलेलं नाही. भिंत फोडल्यावर पाणी जिथून झिरपताना दिसतं ती जागा जवळजवळ नेहमी एखादा एल्बो असतो, टी असते, नाहीतर नळामागचा पितळी निपल असतो. अखंड नळी मधेच, कारणाशिवाय फुटलेली क्वचित सापडते. सापडली तर तिथे उंदराचे दात असतात, टॉवेलच्या खुंटीसाठी मारलेलं ड्रिल असतं किंवा वर्षानुवर्षांचं ऊन असतं. दोष जोडाचा, बदनाम झाला पाईप. बरं, जोडही आपल्या मनानं बिघडलेला नसतो. कुणीतरी तो चुकीचा निवडलेला असतो, किंवा निवडलेलाच नसतो, पिशवीत होता तो बसवलेला असतो.

मुळात 'नरम पाईप' म्हणून आपण चार वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात कोंबल्या आहेत. शेतातली ठिबकची लॅटरल ही एक. तिचं मानक आयएस १२७८६. विहिरीच्या मोटरीला आणि घराच्या नळजोडणीला लागतो तो काळा एचडीपीई पाईप दुसरा, आयएस ४९८४. आत-बाहेर पॉलिथिलीन आणि मधे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला तीन थरांचा संमिश्र पाईप तिसरा, आयएस १५४५०. दुकानदार ज्याला '१२१६' किंवा '१६२०' म्हणून ओळखतो तो, म्हणजे आतून १२ मिलिमीटर, बाहेरून १६, असा. आणि चौथा पेक्स, ज्यात पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे तो गरम पाण्यात मऊ पडून वाहवत नाही. थॉमस एंजेल या जर्मन संशोधकानं १९६८ मध्ये पेरॉक्साइड वापरून ही बांधणी साधली. पुढे युरोपात घराच्या फरशीखाली गरम पाणी फिरवायला आणि मग अमेरिकेतल्या घराघरांत हा पाईप गेला. हे चौघं दिसायला भाऊ असले तरी चौघांचे जोड वेगळे. आपल्याकडे मात्र ठिबकचा जॉइनर संमिश्र पाईपात खोचला जातो, एचडीपीईच्या निपलवर पेक्स चढवला जातो, आणि गळालं की चौघांनाही एकाच सुरात शिव्या बसतात.

सोल्यूशनवाल्यांचा पहिला मुद्दा असा की, "ज्या पाईपला सोल्यूशन लागत नाही तो कच्चा." आगपेटीनं पेटत नाही म्हणून बल्ब कच्चा ठरवावा, त्यातला हा प्रकार. सोल्यूशन हा डिंक नाही. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. पॉलिथिलीन जात्याच मेणचट. त्याला दुकानातलं कुठलंच सोल्यूशन विरघळवत नाही. साध्या पॉलिथिलीनला तापवून सांधता तरी येतं, पेक्सचं तर तेही होत नाही. तेव्हा घरातल्या लवचीक पाईपचा जोड चिकटवायचा नसतो, धरायचा असतो: आत एक निपल, बाहेरून आवळणारं काहीतरी. ते 'काहीतरी' काय असावं, एवढाच खरा प्रश्न आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

कारण त्याचं उत्तर साइटवर आधीच ठरलेलं असतं. प्लंबर टोक हॅकसॉनं कापतो, जरा तिरकं. कापलेल्या काठाला प्लॅस्टिकचे तुसे लोंबत असतात, ते तसेच राहतात. मग रद्दी कागद किंवा पाईपचाच एखादा तुकडा पेटवून त्या धगीवर टोक फिरवतो. टोक चमकायला लागलं, सैल पडलं की निपलवर रेटून बसवतो, वरून बांधणीच्या तारेचे दोन वेढे आणि पक्कडीनं पीळ. "हालवून पाहा," म्हणतो. हलत नाही. "काहून इतकं डोकं लावता भाऊ, दहा वर्सं पाहाचं काम नाई." आणि त्या दिवशी खरंच एक थेंब येत नाही, म्हणून तर ही पद्धत टिकून आहे.

पण त्या धगीत काय झालं ते बघा. टोक जळालं, ताणलं गेलं, जिथे सगळ्यात जाड हवं तिथेच पातळ झालं. तार दोन रेघांवर दाबते. मधली जागा मोकळीच. पॉलिथिलीनचा स्वभाव असा की सतत दाबून धरलं तर ते हळूहळू सरकतं, दाबाखालून निसटत जातं. गरम पाणी आलं की जास्त. पहिल्या महिन्यात आवळलेली तार वर्षभरानं सैल असते, आणि ती कुणी सोडवली म्हणून नाही, तिच्याखालचं प्लॅस्टिकच बारीक झालं म्हणून. तारेऐवजी स्क्रूची क्लिप लावली तर थोडं बरं, पण तीही सगळीकडून सारखी दाबत नाही आणि ओलसर भिंतीत तिचा स्क्रू गंजतो. हाच पाईप तांब्याच्या रिंगनं किंवा स्टीलच्या कान असलेल्या रिंगनं धरला तर दाब पूर्ण घेरावर, ठरावीक रुंदीवर, मोजून बसतो. रिंग दाबण्याच्या, म्हणजे क्रिंपच्या, हत्याराबरोबर एक गेज येतं. एका खाचेत रिंग शिरली पाहिजे, दुसरीत शिरता कामा नये. ते गेज न वापरता "हाताला कळते" म्हणणारा प्लंबर थापा मारत नसेल. पण हाताला घट्टपणा कळतो, रिंग पाव मिलिमीटरनं जास्त दाबली गेली की कमी, हे कळत नाही. जास्त दाबलेली रिंगही पाईपला काचतेच.

आता विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, आमच्या शेतात ठिबकच्या नळ्या साध्या काटेरी जॉइनरनं जोडलेल्या आहेत. ना रिंग, ना गेज. ठिबक चालतं किलोभर दाबावर, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याइतक्या. घराच्या टाकीचा तळ नळापासून तीन-चार मीटर वर, म्हणजे दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शेतात जे तिप्पट दाब सोसतं ते घरात का सोसणार नाही?

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. लॅटरलमधून उकळीच्या जवळचं पाणी कधी जात नाही. तिच्यात दाब दिवसाचे काही तास असतो, घरच्या नळाच्या पाईपात चोवीस तास. लॅटरल काही हंगामांनी गुंडाळून बदलतात. घराचा पाईप पुढच्या पिढीसाठी म्हणून गाडतात. आणि लॅटरलचा जॉइनर डोळ्यांसमोर सरीत पडलेला असतो. निसटला तर फवारा दिसतो, माणूस जाऊन परत खोचतो, मधल्या वेळेत गळलेलं पाणी तुरीला मिळतं. टाइलमागे निसटलेल्या जोडाचं पाणी विटांना मिळतं, आणि ते कळतं पलीकडच्या खोलीतला रंग फुगल्यावर. शिवाय आता पुष्कळ घरांत प्रेशर पंप बसले आहेत. पंप सुरू-बंद होताना, नळ झटक्यात बंद करताना पाईपात जो धक्का बसतो तो त्या तीन-चार मीटरच्या हिशेबात कुठेच नाही.

जोड फितूर झाला की काय होतं, याची उदाहरणं अमेरिकेत कोर्टाच्या दप्तरात आहेत. १९७८ ते १९९५ या काळात तिथल्या लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे पाईप घातले गेले. स्वस्त, वाकणारे, झटपट बसणारे. पाण्यातल्या क्लोरीननं पाईप आणि त्याहून आधी त्याचे अॅसिटल प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ केले. १९९५ मध्ये 'कॉक्स विरुद्ध शेल' खटल्यातली तडजोड ९५ कोटी डॉलरची झाली. पुढचं प्रकरण आपल्याला जास्त जवळचं, कारण पाईप आपल्या '१२१६'सारखाच, मधे अॅल्युमिनियम असलेला. आयपेक्स कंपनीनं उत्तर अमेरिकेत विकलेल्या कायटेक पाईपला जोडलेल्या पितळी फिटिंगमधलं जस्त पाण्यानं खाल्लं, उरला तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. अमेरिका आणि कॅनडा मिळून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड झाली. (हे त्या खंडातल्या मालाचं, नाव सारखं वाटलं म्हणून इथल्या मालाला चिकटवू नये.) यातून "पाहा, लवचीक पाईप वाईटच" असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की त्यानंतर तिथे लोकांनी लवचीक पाईप टाकून दिला नाही. जोडाचं पितळ बदललं, जोडाची मानकं कडक केली आणि पेक्स वापरत राहिले. आपण मात्र आजही फिटिंग वजनावर आणि चकाकीवर घेतो. पितळ कुठल्या जातीचं, जस्त धुऊन जाऊ न देणारं आहे का, हे विचारलं तर दुकानदार आपल्याकडे जरा काळजीनं पाहतो.

सोल्यूशनवाल्यांना इतकं सुनावल्यावर दुसऱ्या टोकाच्या मंडळींना सोडणं बरोबर नाही. ही मंडळी मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेली असतात. त्यांचा मंत्र: पुश-फिट. दाबा आणि विसरा. हत्यार नको, प्लंबर नको. पुश-फिटच्या पोटात एक रबरी ओ-रिंग आणि स्टीलच्या दातांची चकती असते. पाईप आत सरकतो, दात धरतात, रिंग पाणी अडवते. वस्तू हुशार आहे, आणि तिची जागाही आहे. आपल्याकडे नळ एक दिवस येतो, मग येत नाही. आला त्याच वेळी पाईप फुटला, तर पाणी ठिबकत असताना सोल्यूशन धरत नाही. अशा वेळी पुश-फिटचा एक कपलर घरात असणं शहाणपणाचं. ओट्याखाली, वॉश बेसिनखाली, जिथे हात पोचतो तिथे तो खुशाल असू द्या.

मात्र 'विसरा' हा शब्द मला मान्य नाही. सगळी भिस्त त्या एका रबरी रिंगवर. तिरक्या कापलेल्या टोकानं रिंग सोलली जाते. पाईप किती आत गेला याची खूण आधी करायची असते. ती कुणी करत नाही. आणि आपल्या प्लंबरची जुनी सवय अशी की जाम सरकत नसेल तर ऑइलचं बोट फिरवायचं. ओ-रिंगचं ईपीडीएम जातीचं रबर खनिज तेलात फुगतं आणि सडतं. म्हणजे ज्या ऑइलनं जोड सरकन बसला तेच ऑइल त्याला आतून खात बसतं. काही कंपन्यांना हा जोड भिंतीत गाडायची परवानगी परदेशी मानकांनी दिलेली आहे, हे मला ठाऊक आहे. ती परवानगी काटकोनात कापलेल्या, घासलेल्या, खूण केलेल्या पाईपला आहे. आपल्या साइटवरच्या पाईपला मी ती देणार नाही.

व्हिडिओतून उचललेल्या सल्ल्यात आणखी एक फसगत आहे आणि ती पुसदसारख्या गावाला जास्त लागते. हे व्हिडिओ जिथले असतात त्या परदेशात घरात पाणी थेट मुख्य वाहिनीतून, तीन-चार बारच्या दाबानं येतं. त्यामुळे तिकडची सगळी चर्चा एका गोष्टीची: जोड सुटणार तर नाही ना? आपल्याकडे पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून स्वतःच्या वजनानं खाली येतं. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला तर टाकीच्या तळापासून जेमतेम मीटर-दीड मीटरची उंची मिळते, म्हणजे एका बारचा दहावा-सातवा हिस्सा. अशा घरात जोडाची ताकद हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जोडातून पाणी जातं किती? आत घुसणारा प्रत्येक निपल वाट अरुंद करतो. '१२१६' पाईपचं भोक १२ मिलिमीटरचं, आणि निपलचं ९ धरलं, तर क्षेत्रफळाचं प्रमाण १४४ ला ८१. वाट जवळपास निम्मी. एका जोडानं फार फरक पडत नाही. टाकीपासून शॉवरपर्यंत अशा आठ-दहा चिंचोळ्या जागा झाल्या की सकाळी अंगावर पाणी पडत नाही, ओघळतं. मग लोक म्हणतात नरम पाईपात पाणी चढत नाही.

याला दोन उत्तरं. एक, पेक्स-ए जातीचा पाईप मिळत असेल तर प्रसरणाचा जोड: पाईपचं टोक हत्यारानं ताणून मोठं करायचं, पूर्ण मापाचं फिटिंग आत सारायचं, पाईप आपल्या मूळ आकाराकडे परततो आणि फिटिंगला आवळतो. वाट अरुंद होत नाही. थंडीत तो आवळायला वेळ घेतो, आपल्या मे महिन्यात ती अडचण नाही. पण हत्यार महाग, आणि ते फक्त त्याच जातीच्या पाईपला चालतं. पुसदात कुठल्या प्लंबरकडे ते असेल अशी आशा धरून घर बांधू नये. दुसरं उत्तर जास्त साधं आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म त्यातच आहे: जोडच कमी करा.

लवचीक पाईप विकत घेऊन त्याला दर कोपऱ्यावर कापून एल्बो लावणं यासारखं डोकं चक्रावणारं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. पाईप वाकतो, म्हणून तर त्याचे जास्त पैसे दिले. पण जीआयच्या, म्हणजे लोखंडी पाईपच्या, जमान्यापासून हाताला वळण पडलं आहे की कोपरा आला, काप. फाटा आला, टी लाव. शंभर मीटरचं वेटोळं येतं. एका मॅनिफोल्डवरून, म्हणजे एकाच जागी बसवलेल्या अनेक तोंडांच्या पितळी नळीवरून, प्रत्येक नळाला स्वतंत्र अखंड पाईप ओढला तर प्रत्येक ओळीला जोड दोनच. एक मॅनिफोल्डवर, एक नळामागे. दोन्ही हाताला लागतात, भिंतीत एकही नाही. वळवताना वाकाची त्रिज्या पाईपच्या जाडीच्या पाच-सहा पट ठेवायची, आत वा बाहेर स्प्रिंग घालून वाकवायचं, म्हणजे चेमटत नाही. पाईप जास्त लागतो, हे खरं. एल्बो आणि टीचे पैसे वाचतात, हेही खरं. आणि पितळ काही स्वस्त नाही.

उरले ते दोन जोड आवळनटाचे असू द्यावेत, असं माझं मत. संमिश्र पाईपला आपल्या बाजारात सहज मिळतात ते हेच, आणि ते साध्या पान्यानं उघडतात, परत आवळता येतात. पण या जोडाचेही नखरे आहेत. नट काढून आतला तुकडा हातात घ्या: पितळी नळीवर दोन काळ्या ओ-रिंगा, मुळाशी एक पांढरी प्लॅस्टिकची चकती, आणि वेगळी एक कापलेली पितळी रिंग. पाईप कापल्यावर रीमर आत घालून फिरवायचा असतो, म्हणजे दबलेलं तोंड पुन्हा गोल होतं आणि आतल्या काठाला उतार मिळतो. रीमर न फिरवता रेटलं तर काठ ओ-रिंगला सुरीसारखा सोलतो. काळा बारीक दोरा बाहेर आलेला दिसला की समजावं, रिंग गेली. ती पांढरी चकती प्लंबर अनेकदा 'फालतू' म्हणून फेकतो. तिचं काम पाईपच्या अॅल्युमिनियमला पितळापासून लांब ठेवण्याचं. दोन धातू ओलाव्यात भेटले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पाईपचे थर टोकापासून सुटायला लागतात. उलट टेफ्लॉन टेप मात्र नटाच्या आट्यांवर भरभरून गुंडाळला जातो, जिथे पाणी अडवण्याचं काम आट्यांचं नसतंच.

उष्णतेचा मुद्दा लवकर आटोपतो. पेक्सची ठरलेली मर्यादा ८२ अंशांना सुमारे ७ बार आणि ९३ अंशांना साडेपाच. घरगुती दाबाच्या मानानं ही भरपूर झाली, पण उन्हाळ्याच्या दुपारी न वापरलेला सोलर हीटर त्याही पलीकडे जाऊ शकतो. म्हणून सोलर किंवा गिझरच्या तोंडाशी पहिला दीड हात धातूचा पाईप ठेवावा, पुढे लवचीक. काळा एचडीपीई गरम पाण्याला मुळीच नको. पाईप तापून लांबतो, हेही जोड निवडताना धरावं: १० मीटर पेक्स ५० अंशांनी तापला तर सात-आठ सेंटिमीटर वाढतो, अॅल्युमिनियमवाला संमिश्र सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. वाढायला जागा ठेवली नाही की तो सगळा जोर जोडावर येतो. आणि गच्चीवर पांढरा पेक्स उघडा टाकणाऱ्याला तर मी हातच जोडतो. काही महिन्यांचं ऊन त्याचं आयुष्य खाऊन टाकतं. एचडीपीईचा काळा रंग शोभेचा नसतो. त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास काजळी मिसळलेली असते ती उन्हासाठीच.

आता सीपीव्हीसीबद्दल. तो वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. गरम पाण्याला चालतो, माल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, काम येणारे हात गावात भरपूर. पण "सोल्यूशन मारा, झालं" यातलं 'झालं' खोटं आहे. सोल्यूशनला वाळायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे जोड बसवून तासाभरात पाणी सोडून पाहायची घाई असते. टोक पूर्ण आत गेलं नाही तरी बाहेरून कळत नाही. बिघडला तर जोड उघडता येत नाही, कापावा लागतो. सर्वात महत्त्वाचं, पुसदची जमीन. पूस नदीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पाडते. त्या मातीवर उभं घर थोडं का होईना हलतं. जमिनीखाली, ओट्याखाली, अंगणातून जाणारा ताठ पाईप ही हालचाल सोसत नाही. सोल्यूशननं एकजीव झालेला जोड तर नाहीच, तो आहे तिथेच तडकतो. अंगणाखालून जाणाऱ्या ओळीसाठी अखंड लवचीक पाईपाइतकं योग्य दुसरं काही मला दिसत नाही. ज्या गावात लवचीकपणाची सगळ्यात जास्त गरज, त्याच गावात त्याच्याविरुद्ध मोहीम चालावी, हे जरा विचित्रच.

माझ्या बाजूचा एक कच्चा दुवा मीच दाखवून देतो, कारण विरोधकांच्या तो ध्यानात आलेला नाही. लवचीक पाईपचे जोड कंपनीगणिक बदलतात. एकाचं फिटिंग दुसऱ्याच्या पाईपला बसतंच असं नाही. अर्ध्या इंची अमेरिकी पेक्सची बाहेरची जाडी १५.९ मिलिमीटर आणि आपल्याकडचा मेट्रिक पाईप १६, हाताला सारखेच, जोडात नाहीत. नट फुटला आणि त्या कंपनीचा माल पुसदात संपला, तर नांदेड किंवा नागपूर गाठावं लागतं. म्हणून पाईप घेण्याआधी उलट दिशेनं चौकशी करावी: गावातल्या दुकानात कुठल्या जोडाचे सुटे भाग मिळतात, गावातल्या प्लंबरकडे कुठलं हत्यार आहे, आणि मग त्या जोडाचा पाईप. आपण पाईप आधी पसंत करतो आणि जोडाचं बघू म्हणतो. लग्न ठरवून मग पोराची चौकशी करण्यासारखंच, असं म्हणणार होतो, पण जाऊ द्या.

घराबाहेरच्या जोडाबद्दल मात्र मी कसलीच सवलत द्यायला तयार नाही. मुख्य वाहिनीवरून घराकडे येणारी नळजोडणी पुष्कळदा नालीतून किंवा नालीच्या काठानं येते. पाणी चालू असतं तेव्हा गळका जोड बाहेर थुंकतो. पाणी बंद झालं की तोच जोड आत ओढतो. त्यातून कुणी टुल्लू पंप लावलेला असेल तर ओढ आणखी जोराची. नालीतलं पाणी अशा तोंडातून आत जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हंड्यात पडतं. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की काय होतं ते इचलकरंजीनं २०१२ च्या काविळीच्या साथीत भोगलं आहे. गरम करून चढवलेला, तारेनं पिळलेला जोड घराच्या आत असला तर भिंत खराब होईल, पैसे जातील. नालीत असला तर तो शेजारपाजारच्या लेकरांनाही आजारी पाडू शकतो. तिथे एचडीपीईचा कॉम्प्रेशन जोडच हवा, ओ-रिंगचा, आणि शक्य असेल तर नालीच्या हद्दीत एकही जोड नको, अखंड तुकडा आरपार.

"इतकं कोण पाहतो?" हा शेवटचा आक्षेप. खरं आहे, पाहत कुणी नाही. काम झालं की टाकी भरून नळ सोडतात, पाणी आलं म्हणजे टेस्टिंग झालं. तीन-चार मीटरच्या दाबानं दोन तासांत काहीच सिद्ध होत नाही. सगळी तोंडं बंद करून हातपंपानं पाच-सहा किलोचा दाब भरायचा आणि गेजचा काटा पाहत बसायचं. पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरतो. घाबरू नका, लवचीक पाईप दाबानं किंचित फुगतो म्हणून तसं होतं. पुन्हा दाब भरा आणि मग दोन तास थांबा. पंप प्लंबरकडे नसेल तर ठेकेदाराला आणायला लावा, आणि प्लंबिंगच्या बिलाचा शेवटचा हप्ता त्या काट्यावर ठेवा. प्लास्टरवाल्याला त्या दिवशी बोलवूच नका.